बिनतेलाचा मसाज

खोलीत एक उंच पलंग होता. त्यावर चार उशा: दोन नेहमीच्या, एक लोडासारखी लांबट, एक पाचरीसारखी तिरकी. भिंतीला लागून एक लाकडी खुर्ची आणि एक गोल स्टूल. कपाटाच्या वरच्या कप्प्यात घडी घातलेले आठ टॉवेल, खालच्या कप्प्यात रुंदीप्रमाणे लावलेल्या बारा पट्ट्यांच्या गुंडाळ्या, त्यांच्या शेजारी स्पंजाचे दोन पातळ तुकडे. खिळ्याला एक मोजपट्टी टांगलेली, शिंप्याकडे असते तशीच, पण टोकाला छोटी स्प्रिंग लावलेली, म्हणजे दर वेळी ओढ सारखी बसावी. एक खिडकी, खालची अर्धी काच दुधी. एक बेसिन, एक साबण. तेलाची बाटली एकही नव्हती.

ती नाही, हे माझ्या आधी आत्याच्या लक्षात आलं.

“बाई तेल विसरल्या वाटतं,” ती माझ्या कानात म्हणाली. आत्याचं कानातलं बोलणं शेजारच्या खोलीत सहज ऐकू जातं.

मसाज करणाऱ्या बाई हात धूत होत्या. चाळिशीच्या असतील, बारीक अंगाच्या, मनगटं माझ्याहून लहान. मागे न वळताच त्यांनी सांगितलं की या मसाजाला तेल चालत नाही. तेलानं हात घसरतो, आणि इथे तर कातडी हाताबरोबर जरा सरकवून सोडून द्यायची असते. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. आपण चुकीच्या दारात आलो, असं ती नजर म्हणत होती.

आत्याच्या उजव्या स्तनातली गाठ काढली होती आणि तिच्याबरोबर काखेतल्या ग्रंथीही. पुढची औषधं झाली, किरण झाले, डोक्यावर केस परत आले. आता सुटलो असं आम्ही दोघी म्हणायला लागलो आणि उजवा हात सुजायला लागला. आधी घड्याळाचा पट्टा लागेना, मग बाही वर चढेना. डॉक्टरांनी समजावलं ते असं: रक्तातून थोडं पाणी सतत बाहेर झिरपत असतं आणि ते बारीक नळ्यांतून परत नेलं जातं. काखेतल्या ग्रंथी म्हणजे त्या वाटेवरचं मोठं नाकं. आत्याचं नाकंच उचलून नेलेलं होतं. पाणी हातात येत होतं आणि तिथेच बसत होतं.

आत्या बेकरीत पीठ मळते. तिच्या बेकरीत मळायचं यंत्र आहे, पण जाड सालीचा, रात्रभर आंबवलेला ब्रेड तिथे हातानेच मळतात, आणि त्या ब्रेडसाठीच गिऱ्हाईक येतं. मालकानं सांगितलं होतं की नवी भट्टी बसेपर्यंत तुझं टेबल राखतो. भट्टी पेटली की तिथे कायमचं माणूस लागणार. डॉक्टरांनी त्यांच्यापुरता एक साधा नियम घालून दिला. कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर दोन्ही दंडांचा घेर मोजायचा. फरक दोन सेंटिमीटरच्या आत आला आणि तिथे टिकला, तर दाबाची बाही घालून रोज थोडं मळायला हरकत नाही. नाहीतर मळणं बंद, पुन्हा विचारायचंसुद्धा नाही. मालक काउंटरवर बसवायला तयार होता. आत्यानं त्याला तोंडावर सांगितलं होतं, “काउंटरवर बसायला मी काय तुझी मेहुणी आहे?”

बाईंनी पट्टी खिळ्यावरून काढली. दंडावर पेनानं बारीक खूण केली, स्प्रिंग रेघेला टेकेपर्यंत ओढली आणि वाचलं. डावा २८.४. उजवा ३३.६.

मग त्यांनी उजव्या दंडावर अंगठा टेकवून जरा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खळगा उरला होता आणि तो हळूहळू भरत आला. हे चांगलं लक्षण आहे, त्या म्हणाल्या. खळगा पडतोय म्हणजे आत अजून पाणीच आहे, ते हलवता येईल. मी त्यांना विचारलं, खळगा पडेनासा झाला तर? त्या म्हणाल्या, तेव्हा तिथे नुसतं पाणी उरलेलं नसतं.

आत्याला उताणं झोपवून त्यांनी सुरुवात केली ती गळ्यापासून. हातापासून नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं सपाट टेकवायची, कातडी खाली कॉलरबोनकडे न्यायची, सोडायची. पुन्हा न्यायची, सोडायची. त्यानंतर डाव्या काखेत, म्हणजे चांगल्या बाजूला. नंतर उजव्या कुशीवरून खाली जांघेकडे. छातीवरून आडवं, उजवीकडून डावीकडे. सुजलेल्या हाताला त्यांनी अजून शिवलंही नव्हतं. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागची गर्दी सोडून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. आत्याला पटलं नाही. दुखतोय हात आणि कुरवाळतायत गळा, असं ती छताकडे बघून म्हणाली. आणि जरा जोर लावा की, जेवला नाहीत का.

“काकू, मी जोर लावला तर त्या नळ्या मिटतील,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि फार नाजूक असतात. चोळलं तर उलट जास्त रक्त येईल आणि जास्त पाणी झिरपेल.”

शेवटी त्या हातावर आल्या. आधी खांद्याजवळ, मग दंड, मग कोपर, पंजा सगळ्यात शेवटी. तोवर आत्या घोरायला लागली होती. मसाज संपल्यावर त्यांनी बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या बांधल्या, आत स्पंज घालून, खाली घट्ट आणि वर सैल. हाताचा लोड झाला. उठल्या उठल्या आत्याला लघवीला जावं लागलं. तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

रस्त्यात आत्या म्हणाली की ही बाई पिसानं उशीवरची धूळ झटकावी तसा मसाज करते. घरी पोचेपर्यंत बाईंचं नाव पीसताई पडलेलं होतं.

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी उजवा दंड ३२.८ भरला.

घरी मापं मी घेत होते. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि एकाच गोष्टीची मापं दोन हातांनी घेतली की काय गोंधळ होतो ते मला माहीत आहे. म्हणून मी तसलीच स्प्रिंगची पट्टी आणली, पेनाची खूण आंघोळीनंतर पुन्हा गडद करत गेले, आणि रोज सकाळी आत्या उठायच्या आधी, हात उशीवर असतानाच, खुणेपुरत्या पट्ट्या बाजूला सारून मोजायचे. आकडे फोनमध्ये टाकले की रेघ आपोआप निघायची. पीसताईंच्या बैठकीनंतरच्या सकाळी रेघ खाली यायची. त्यानंतरच्या सकाळी पुन्हा वर जायची, पहिल्यापेक्षा किंचित जास्तच. करवतीच्या दातांसारखी रेघ होती ती.

मी एकेक कारण तपासत गेले. जेवणातलं मीठ कमी केलं. दात तसेच राहिले. खोलीतलं तापमान लिहिलं, त्याचा काही संबंध दिसला नाही. मोजपट्टीची स्प्रिंग सैल पडली असेल म्हणून पट्टी एका बाटलीभोवती गुंडाळून रोज पडताळली. बाटली एका मिलिमीटरनेही हलली नाही. रात्री झोपेत हात खाली लोंबतो का ते बघायला दोनदा उठले. आत्या म्हणाली, “हात माझाय, लोंबला तर मला कळेल.”

दिवसभर मी कामावर असायचे. आत्या एकटी नसायची, याचं मला बरं वाटायचं. दुपारी पाळी सुटली की खमीर यायची. तिचं खरं नाव बेकरीतही कोणी घेत नाही. जराशा उबेनं फुगते आणि मग आवरत नाही म्हणून खमीर. बेकरीच्या त्या लांब टेबलावर ती आणि आत्या समोरासमोर उभं राहून मळतात, माझ्या शाळेच्या आधीपासून. आत्या आजारी पडल्यापासून खमीर दोघींचं मळत होती. मालकानं समोर दुसरी बाई उभी केली तेव्हा तिनं टेबलाच्या त्या अर्ध्यावर पिठाचं पोतं आडवं टाकलं आणि हलवलं नाही. टेबल राखलं होतं ते मालकानं नव्हे. येताना ती मोडके ब्रेड आणायची आणि मी घरी येण्याआधी निघून जायची.

पुढच्या एका बैठकीत पीसताईंनी पट्ट्या सोडल्या आणि थांबल्या. मी खुर्चीवरून उठून पाहिलं. दंडाच्या आतल्या बाजूला, वर काखेजवळ, चार लांबट डाग होते, हिरवट पिवळे, आणि बाहेरच्या बाजूला एक, जरा मोठा. पीसताईंनी आपला पंजा त्या डागांच्या वर धरला, न टेकवता. चार बोटं, एक अंगठा. त्यांच्या पंजापेक्षा तो पंजा बराच मोठा होता.

“काकू, हात कोण दाबतं?”

आत्या म्हणाली, दाराला लागला.  पीसताईंनी डागांवर पुन्हा पंजा धरला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळानं आत्या हसली आणि म्हणाली, बरं बाई, दाराला पाच बोटं नसतात.

मग तिनं सांगितलं. बेकरीत पाळी संपली की हात सोडवतात. टेबलावर कोरडं पीठ भुरभुरायचं, समोरची आपला हात त्यावर आडवा टाकते, आणि आपण तो मळायचा, गोळा मळतो तसाच, तळव्याच्या टाचेनं रेटून, दुमडून, पिळून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिचा झाला की आपला. हात न सोडवता घरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी मळू शकत नाही, असं तिथे सगळ्या मानतात. कोणाशी भांडण असलं तरी हात सोडवायला नाही म्हणायचं नसतं. खमीर रोज येऊन आत्याचा हात सोडवत होती. पट्ट्या काढायची, हात सोडवायची, पट्ट्या होत्या तशा बांधायची. बांधायची फार नीट. मला कधीच संशय आला नव्हता.

“आता तुम्हीच सांगा,” आत्या म्हणाली, “घट्ट झालेलं पीठ कुरवाळून मऊ होतं का?”

पीसताई स्टुलावर बसल्या. हात पीठ नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि परत नळ्यांचं सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच, त्याच सुरात. ते डाग म्हणजे आत फुटलेल्या रक्तवाहिन्या. दर डागामागे आणखी पाणी. आणि या हातातून जंतूही नीट वाहून जात नाहीत. कातडीला बारीकशी चीर गेली तरी पुरे. आत्यानं मान हलवली. या वेळी तिनं जोर लावा असं म्हटलं नाही.

 घरी जाताना ती म्हणाली की खमीरला मी सांगेन, पण माझ्या पद्धतीनं. तू मध्ये पडायचं नाहीस.

तिची पद्धत अशी निघाली की तिनं दुपारी दार लावून झोपायला सुरुवात केली. खमीर यायची, दार वाजवायची, ब्रेड पायरीवर ठेवून जायची. रेघेचे दात बोथट झाले आणि रेघ उतरायला लागली. ३२.३. ३१.९. पीसताईंनीही याच सुमाराला पट्ट्या बांधायची पद्धत बदलली, दंडावर एक जास्तीचा स्पंज घातला. एका सकाळी ३१.२ आलं. मी तीनदा मोजलं. फरक २.८. आत्यानं चहा पिता पिता डावा तळहात टेबलावर टेकवून नुसताच पुढे रेटला, आणि मागे घेतला.

त्याच आठवड्यात बेकरीसमोर नव्या भट्टीच्या विटा येऊन पडल्या.

ब्रेड यायचा बंद झाला. खमीर रागावली की बोलत नाही, टेबलावर पीठ आपटते. मालक म्हणाला की हल्ली बेकरीची भिंत हलते. आत्यानं एकदा फोन केला तर पलीकडून फक्त, झोप काढ तू, एवढं ऐकू आलं. त्यानंतर आत्या दुपारी झोपेना. खिडकीपाशी बसायची. मी तिला विचारलं की सरळ सांगत का नाहीस. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिचा स्वतःचा खांदा गेलाय माझा वाटा मळून मळून. आणि तिला सांगू, की तुझ्याच हातांनी माझा हात बिघडला?”

मी म्हटलं, मी सांगते. आत्या म्हणाली, तू आकडे सांगशील.

पुढची दोन मापं वर गेली. ३१.८, ३२.५. मी ती फोनमध्ये टाकली.

एका दुपारी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि आम्हाला घरी सोडलं. मी दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात दोघी टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर पीठ भुरभुरलेलं. पट्ट्या एका कडेला सुबक गुंडाळून ठेवलेल्या. आत्याचा उजवा हात आडवा, आणि खमीर उभी राहून, अंगाचा भार देऊन, तो मळत होती. तिचे हात माझ्या दुप्पट आहेत. नखांच्या कडा पिठानं फाटलेल्या. आत्याचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तिचा चेहरा आजारी पडल्यापासून मी इतका निवांत पाहिला नव्हता.

खमीर मला बघून म्हणाली, “बघ, बाईसाहेबांची झोप संपली एकदाची. चार दिवस झाले, मी रोज येते. हात दगड झालाय नुसता. कोणी बघतं की नाही याच्याकडे?”

आत्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस, असं.  मी जवळ गेले. कोपराच्या आत कातडीला एक बारीक चीर होती, तिच्यात पीठ बसलेलं, आणि चिरेच्या भोवती लाली. मी हात टेकवला. गरम होता.

संध्याकाळी आत्याला हुडहुडी भरली. लाली दंडावर चढत गेली, आणि मी पेनानं तिची कड आखत गेले, कारण इस्पितळात फोन केला तेव्हा त्यांनी तसं सांगितलं होतं. लाली दुसरी रेघ ओलांडून गेल्यावर आम्ही निघालो. आत्याला दाखल करून घेतलं, शिरेतून औषध सुरू केलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं. आत्या म्हणाली, दाराला लागला.

हात लाल आहे तोवर मसाज करायचा नसतो. जंतू पुढे ढकलले जातात. पीसताई एकदा येऊन बघून गेल्या, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून, हात पाठीमागे बांधून. पट्ट्याही बांधता येईनात. हात उशीवर उघडा पडून होता आणि भरत होता. मी मोजलं नाही. मोजपट्टी पिशवीत होती.

खमीर पाळी सुटल्यावर आली. पिठाच्या कपड्यांतच. आत्या झोपेत होती. खमीर बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले, थंडी वाजत असल्यासारखे. वॉर्डातल्या नर्सनं तिला विचारलं होतं, तुम्हीच का त्या, हात मळणाऱ्या. आत्या तापात बडबडली होती.

खमीर फुगली नाही. तिनं सरळ विचारलं.

“माझ्यामुळे झालं का?”

माझ्या फोनमध्ये रेघ होती. दार लावलेलं असतानाची उतरती, दार उघडल्यावरची चढती. पण त्याच दिवसांत स्पंजही बदलला होता, हेही खरं होतं. चीर तर कशानंही पडते.

“मावशी, तसं सांगता येत नाही,” मी म्हटलं. “एकाच हातावर एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. कशामुळे काय झालं ते ठरवायला दुसरा हात लागतो, ज्याला काहीच केलेलं नाही.”

तिनं मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

“शिकलेली आहेस,” ती म्हणाली. “नीट बोलतेस.” आणि उठून गेली.

ताप उतरला, लाली गेली, आम्ही घरी आलो. पीसताईंनी पुन्हा सुरुवात केली. पहिल्याच दिवशी त्यांनी दंडावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. कातडी तिथल्या तिथे होती. त्यांनी दोन ठिकाणी आणखी दाबून पाहिलं, मग टॉवेल उचलून त्याची उलटसुलट घडी घातली. आत्यानं विचारलं, चांगलं ना हे, खळगा पडत नाही ते. पीसताई म्हणाल्या, आपण काम चालू ठेवू.

माप उतरत होतं, पण मुंगीच्या पावलांनी. बेकरीत नवी भट्टी उभी राहिली, धुराडं लागलं. मालकाचा निरोप आला, चांगल्या शब्दांत, की डॉक्टरांची चिठ्ठी काय ती एकदा दाखव. डॉक्टरांनी तपासणीचा दिवस दिला आणि सांगितलं, दोन सेंटिमीटरचा नियम तोच, आणि आदल्या दिवशीचं पीसताईंचं माप मी धरेन.

त्या आदल्या दिवशी आम्ही निघालो तर खमीर दारात उभी होती. अर्धी रजा काढून आली होती. धुतलेले कपडे, नखं कापलेली. स्वयंपाकघरातल्या त्या दुपारनंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. आत्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“कोणाचं लग्न आहे?”

“तुझंच जमवतेय,” खमीर म्हणाली. “पण नवरा म्हणतो, दोन्ही हात सारखे दाखवा.”

आत्या हसता हसता खोकली.  वाटभर खमीर आत्याच्या डाव्या बाजूनं चालत होती.

मसाजाच्या खोलीत खमीर स्टुलावर बसली आणि सगळं बघत राहिली. गळा, डावी काख, कूस. पीसताईंची बोटं हलताना दिसतही नव्हती. अर्ध्यावर खमीरनं विचारलं की हे मला शिकता येईल का. तिच्या आवाजात आजवर मी न ऐकलेली गोष्ट होती, परवानगी मागणं. आत्यानं डोळे उघडले नाहीत, पण तिच्या पापण्या थांबल्या.

पीसताईंनी खमीरला हात धुवायला लावले. मग तिच्याच डाव्या हातावर तिचा उजवा पंजा ठेवून दाखवलं. सपाट. वजन नाही. कातडी न्यायची तेवढी न्यायची आणि सोडायची. परत ती स्वतःच येते, आपण आणायची नाही. खमीरचा पंजा जड पडत होता. पीसताई म्हणाल्या, हलका. खमीरनं उचलला. अजून हलका. खमीर म्हणाली, याहून हलका म्हणजे मग हात लावलाच नाही. पीसताई म्हणाल्या, हो, जवळजवळ तसंच.

किती वेळ गेला कोण जाणे. खमीरच्या कपाळावर घाम आला होता, पोतं उचलताना येतो तसा. शेवटी पीसताईंनी मान डोलावली आणि तिला पलंगापाशी आणलं. खमीरनं आत्याच्या दंडावर पंजा ठेवला, त्यावर पीसताईंचा छोटा हात, आणि दोन्ही हात मिळून कातडी खांद्याकडे न्यायचे आणि सोडायचे. थोड्या वेळानं पीसताईंनी आपला हात काढून घेतला. खमीरचा चालूच राहिला. दंड, कोपर, मनगट. तिचा खालचा ओठ दातांत धरलेला होता. पंजाच्या पाठीवर ती आली तेव्हा आत्या म्हणाली, “टेबलावरचं पोतं काढ आता.”

खमीरनं हात थांबवला नाही. “काढते,” ती म्हणाली. “आधी उद्याचं होऊ दे.”

“काढ,” आत्या म्हणाली. “समोर चांगली बाई मागून घे. उंच बघ. बुटकीबरोबर तुझा खांदा आणखी जाईल.”

 खमीर करंगळीपर्यंत गेली, आणि पीसताईंनी शिकवलं होतं तशी सोडून मागे झाली. दोन्ही हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. ती ते तसेच पुढे धरून उभी राहिली.

पीसताईंनी आत्याला बसवलं, हात उशीवर घेतला, पेनाची खूण शोधली. खूण पुसट झाली होती, म्हणून कोपरापासून दहा सेंटिमीटर पुन्हा मोजून नवी केली. पट्टी दंडाभोवती घेतली, स्प्रिंग रेघेला टेकेपर्यंत ओढली. डाव्याचंही तसंच केलं. मग दोन्ही एकदा परत.

डावा २८.२. उजवा ३२.७. फरक ४.५ सेंटिमीटर.